कोरा निघालेला रोल

(दहावीच्या १९९५ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून देताना बोलण्यातलं पाल्हाळ तेवढं कमी केलं आहे.)

आदरणीय सर, आदरणीय बाई, आणि तीस वर्षांनी एकमेकांना ओळखायचा सकाळपासून प्रयत्न करणाऱ्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘सावली ते सॉफ्टवेअर’. शीर्षक छान आहे, पण त्यात सांगण्यासारखं फार नाही. इथून अकरावी-बारावीला चंद्रपूर, तिथून नागपूरला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, मग पुण्यात नोकरी, मधली दोन वर्षं परदेशात, आणि परत पुणे. संपलं. आपल्यातल्या निम्म्या लोकांची गोष्ट थोड्याफार फरकानं अशीच आहे. म्हणून मी परवानगी काढून विषय बदलला. मी आज फोटोंबद्दल बोलणार आहे.

त्याला कारण आपला ग्रुप. बॅचतर्फे शाळेला काय द्यायचं यावर दोन महिने चर्चा चालली. वॉटर कूलर झाला, खुर्च्या झाल्या, आणि मग फोटोग्राफीचं साहित्य द्यायचं ठरलं. कल्पना उत्तम आहे. आपल्या मुलांच्या आजूबाजूला ताडोबाचं जंगल, आसोलामेंढ्याचा तलाव, वैनगंगा, धानाच्या बांध्या, आणि पाहुणे मोठमोठे कॅमेरे घेऊन येतात ते फक्त वाघासाठी. आपल्या गावाचे फोटो आपल्या पोरांनी काढायला हवेत. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत.

पुढे एकानं लिहिलं, ‘डिजिटल नको. जुने रोलवाले कॅमेरे घेऊ. छत्तीस फोटो म्हणजे छत्तीसच. पोरं विचार करून बटन दाबतील. आपण असंच शिकलो.’ त्यावर तेवीस अंगठे आले. मी मोजले. मी अंगठा दिला नाही आणि विरोधही केला नाही, गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याचं कारण तीस वर्षं जुनं आहे. ते आज सांगते, आणि मग निर्णय तुमच्यावर सोपवते.

आधी रोलच्या बाजूनं बोलते, कारण ती बाजू माझीही आहे.

नववीत मला फोटोचं वेड लागलं ते बसस्टँडकडच्या स्टुडिओतल्या काकांमुळे. त्यांच्या काचेच्या कपाटात एक अॅग्फा क्लिक थ्री होता. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. त्यांनी मला पहिल्यांदा कॅमेरा हातात दिला तेव्हा आत रोल नव्हता. ‘आठ दिवस रिकामा वापर,’ म्हणाले. मी आठ दिवस रिकाम्या कॅमेऱ्यानं गावभर फोटो काढले. कोंबड्या, बैलगाडी, आजीचे हात. आठव्या दिवशी काकांनी विचारलं, ‘यातले कोणते खरे काढशील?’ मी पाच सांगितले. त्यातले तीन त्यांनी कापले. दोनच फोटोंसाठी रोल मिळाला. वर त्यांचं ठरलेलं वाक्य होतंच, ‘मोजून दाब वं पोरी. बटन फुकटाचं हाये, रोल नाही.’

ब्लॅक अँड व्हाइट रोल ते स्वतः धुवायचे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल असायचा. लाल दिव्याच्या त्या कोंदट खोलीत, ट्रेमधल्या पाण्यासारख्या दिसणाऱ्या रसायनात कोरा कागद टाकला की हळूहळू आधी केस, मग डोळे, मग चेहरा वर यायचा. मी नंतर आयुष्यात पुष्कळ यंत्रं पाहिली, त्यातल्या काहींचे प्रोग्रॅमही लिहिले. त्या ट्रेइतकी जादू मला कशातच दिसली नाही.

उजेड मोजायला मी तिथेच शिकले. रोलच्या खोक्यावर छोटी चित्रं छापलेली असत. काका ती वाचून दाखवत. कडक ऊन असेल तर शंभर एएसएच्या रोलला एफ सोळा आणि सेकंदाचा सव्वाशेवा भाग. मग पातळ ढग, दाट ढग, आणि सगळ्यात शेवटी सावली, एफ चार. ‘आपलं गाव यादीत शेवटी आहे,’ असं म्हणून ते हसायचे. ही यादी मला आजही पाठ आहे.

तेव्हा रोल शिस्त लावतो हे खोटं नाही. पण त्या आठवणीकडे आज इंजिनिअरच्या नजरेनं पाहिलं की एक प्रश्न पडतो. मला शिस्त कोणी लावली? पहिल्या आठ दिवसांत तर कॅमेऱ्यात रोलच नव्हता. शिकवलं ते काकांच्या अटीनं, आणि पाचातले तीन का कापले हे सांगणाऱ्या त्यांच्या तोंडानं.

आता दुसरी बाजू. इथे मला एक कबुली द्यायची आहे.

फेब्रुवारी १९९५. आपला निरोप समारंभ. शाळेमागचा पळस फुलला होता. वर्गाचा फोटो मी काढायचा असं ठरलं, कारण माझ्या मामानं पस्तीस एमएमचा कॅमेरा आणला होता आणि ‘हिला येतं’ अशी माझी ख्याती झाली होती. प्रत्येकाकडून पाच-पाच रुपये जमा झाले. रंगीत रोल आणला. मी तो भरला, झाकण लावलं, आणि दिवसभर फोटो काढले. पायऱ्यांवरचा सगळ्या वर्गाचा, बाईंसोबत मुलींचा, सायकलींच्या रांगेत मुलांचा, आणि शेवटच्या बाकावरच्या चौघींचा. कॅमेऱ्यावरचा आकडा एक, दोन, तीन करत छत्तीसवर गेला. मग सदतीस, अडतीस. मला वाटलं, दोन फोटो जास्तीचे मिळाले, नशीब.

रोल एसटीनं चंद्रपूरला गेला. बारा दिवसांनी परत आला तो नारिंगी रंगाची कोरी पट्टी होऊन. सुरुवातीचं टोक काळं, बाकी काही नाही. एक फोटो नाही.

मी तेव्हा तुम्हाला काय सांगितलं होतं ते तुम्हाला आठवत असेल. ‘लॅबवाल्यानं रोल खराब केला.’ तुम्ही सगळ्यांनी त्या लॅबला मनसोक्त शिव्या घातल्या. मित्रांनो, लॅबची काहीच चूक नव्हती. मी रोलचं टोक आतल्या खाचेत नीट अडकवलं नव्हतं. दात्यांवर रोल चढलाच नाही. मी खटका ओढत होते, आकडा पुढे जात होता, आणि रोल डबीत जागच्या जागी बसला होता. खटका ओढताना डावीकडची गुंडाळायची मूठ फिरते का हे बघायचं असतं. ती फिरली नाही, तर रोल पुढे सरकत नाही. एवढी साधी तपासणी. मला ती कोणी सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती, कारण मला येतं असं सगळे म्हणत होते. काकांनी पट्टी हातात धरली तेव्हाच ओळखलं. ते कुणाला बोलले नाहीत. मी तीस वर्षं बोलले नाही.

एका पोरीकडून रोल चुकीचा भरला गेला यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच म्हणत होते. पण शेवटच्या बाकावरच्या त्या चौघींतली एक व्याहाडहून सायकलनं यायची. नाव घेत नाही, तुमच्या ओठांवर आलंच आहे. २००३ च्या पावसाळ्यात ती तापानं गेली. त्यानंतर दोन वर्षांनी मी गावी आले असताना तिची आई बाजारात भेटली. माझा हात धरून म्हणाली, ‘तुह्याजवळ एखादा फोटो आहे का वं तिचा? लग्नातले हायेत, पण त्यात ते हासत नाही.’

त्या दिवशी शेवटच्या बाकावर ती हसत होती. मी व्ह्यूफाइंडरमधून पाहिलं होतं. माझ्याशिवाय ते कुठेही उमटलेलं नाही.

म्हणून ‘रोलवर चूक केली की माणूस शिकतो’ असं कुणी म्हणतं तेव्हा मला तो हिशेब अपुरा वाटतो. शिकते मी, आणि किंमत भरतो तो, ज्याचा फोटो गेला. जुन्या काळी दुसरा इलाज नव्हता, ते ठीक. आज इलाज असताना नवशिक्याच्या हातात मुद्दाम असं साधन द्यायचं, जे चूक झाल्याचं बारा दिवसांनी सांगतं, हे मला पटत नाही.

भावनेचा भाग बाजूला ठेवून आता थोडं तांत्रिक बोलते. कंटाळा आला तर बाईंनी छडी आपटावी.

शिकण्यासाठी दोन गोष्टी लागतात. करण्याआधी विचार, आणि केल्यानंतर लगेच कळणं की काय झालं. रोल पहिली गोष्ट जबरदस्तीनं करायला लावतो, दुसरीत मात्र तो फार कच्चा आहे. कोऱ्या रोलनंतर उन्हाळ्यात मामानं मला आणखी एक रोल दिला. तो मी आसोलामेंढ्याच्या पाळीवर दीड महिना पुरवून वापरला. प्रिंट आले तेव्हा चार फोटो बरे होते. पण त्या चारांना मी काय केलं होतं? छिद्र किती ठेवलं होतं, वेग किती, सकाळ होती की संध्याकाळ? काही आठवेना. जे मोठे छायाचित्रकार रोलवर शिकले, ते खिशात वही ठेवून प्रत्येक फोटोची नोंद करत. मी ठेवली नव्हती. आज डिजिटल कॅमेरा तीच नोंद प्रत्येक फोटोच्या पोटात आपोआप लिहून ठेवतो. तारीख, वेळ, छिद्र, वेग, सगळं. आपल्या फोनमध्येही ती असते. आपण उघडून बघत नाही, एवढंच.

त्याहून मोठी गंमत मला खूप वर्षांनी कळली. रंगीत रोल स्वभावानं फार क्षमाशील असतो. गरजेपेक्षा दुप्पट-चौपट उजेड पडला तरी तो सांभाळून घेतो. वर लॅबमधलं छपाईचं यंत्र प्रत्येक फोटोचा उजेड आणि रंग आपोआप दुरुस्त करून प्रिंट काढायचं. म्हणजे माझी चूक रोलनं पोटात घातली आणि यंत्रानं झाकली. पाकिटातून गुळगुळीत प्रिंट बाहेर यायचा आणि मला वाटायचं, जमलं. पुण्यात एकदा मी जुन्या निगेटिव्ह खिडकीवर धरून पाहिल्या, तर कुठे गच्च काळ्या, कुठे पारदर्शक. माझं उजेडाचं गणित सर्रास चुकलेलं होतं. तेव्हा ‘रोलमुळे एक्स्पोजर पक्कं होतं’ हे स्लाइडच्या रोलबद्दल कुणी म्हणालं तर मी मान्य करीन, कारण स्लाइड चूक माफ करत नाही. आपल्या काळात बसस्टँडवर मिळणाऱ्या रोलबद्दल मात्र ते खरं नाही.

राहिली शिस्त. रोल महाग म्हणून माणूस मोजून फोटो काढतो, हेही प्रत्येकाच्या बाबतीत खरं नाही. गॅरी विनोग्रँड नावाचे अमेरिकेतले प्रसिद्ध छायाचित्रकार होते, रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायचे. ते १९८४ मध्ये गेले तेव्हा त्यांच्यामागे सुमारे अडीच हजार रोल असे निघाले, जे धुतलेच नव्हते. धुतलेले पण पुढे छापूनही न पाहिलेले आणखी हजारो. इतका महाग रोलसुद्धा ज्याला थांबायचं नाही त्याला थांबवत नाही. उलट आपले रघू राय बघा. आयुष्यातलं अजरामर काम रोलवर केलेला माणूस. २००३ च्या सुमारास त्यांनी डिजिटल कॅमेरा हातात घेतला आणि परत रोलकडे गेले नाहीत. त्यांची नजर काही रोलबरोबर डबीत राहिली नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवणारं उदाहरण मात्र आपल्या शेजारचं आहे. १९३६ साली गांधी सेवा संघाच्या बैठकीसाठी गांधीजी आपल्या सावलीला आले होते, हे आपल्याला शाळेत दर दोन ऑक्टोबरला सांगितलं जायचं. त्याच वर्षी ते वर्ध्याजवळ सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. तिथे कनू गांधी हा त्यांचा तरुण चुलत नातू आश्रमाची कामं करायचा. त्याला फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून एक रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि रोल आला. गांधीजींनी परवानगी दिली, पण तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही. मला ‘असे बसा, असे बघा’ म्हणायचं नाही. आणि आश्रम याचा खर्च देणार नाही.

पुढची सुमारे दहा वर्षं, १९४८ पर्यंत, कनू गांधींनी बापूंचे जे फोटो काढले ते आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेले आहेत. गांधीजी काम करतात, चालतात, लोकांत बसतात, आणि कॅमेऱ्याकडे क्वचितच बघतात. आता सांगा, या मुलाला कोणी शिकवलं? रोल तर त्या काळी सगळ्यांकडेच होता. त्याला शिकवलं फ्लॅश नाही या अटीनं, कारण मग खिडकीतून येणारा उजेड कुठे पडतो ते बघत थांबावं लागतं. शिकवलं ‘पोज मागायची नाही’ या अटीनं, कारण मग माणूस वाचावा लागतो. आणि त्याच त्या माणसासमोर, त्याच झोपडीत, रोज उभं राहण्यानं. तिन्ही अटी आज आपण फोनवरच्या कॅमेऱ्यालाही घालू शकतो. अट घालणारा माणूस मात्र लागतो.

माझ्या धंद्यात हाच वाद दुसऱ्या रूपात चालतो. १९९७ ला मी इंजिनिअरिंगला गेले तेव्हा कॉम्प्युटर लॅब आठवड्यातून दोन तास मिळायची. आम्ही हॉस्टेलवर कागदावर प्रोग्रॅम लिहायचो, बोट ठेवून ओळ न् ओळ मनात चालवायचो. त्याला ड्राय रन म्हणत. आज माझ्या टीममध्ये येणारी मुलं दहा सेकंदांना एकदा प्रोग्रॅम चालवून बघतात. चुकला, बदल. चुकला, बदल. डोकं लावायच्या आधी बोट चालतं. मला राग येतो, नाही असं नाही. पण म्हणून मी त्यांचे कॉम्प्युटर काढून घेऊन आठवड्यातून दोन तास देते का? नाही. आम्ही एक नियम केलाय. लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या माणसाला दाखवायचा, आणि प्रत्येक ओळ अशी का लिहिली ते सांगायचं. वेगही राहतो आणि विचारही करावा लागतो. स्टुडिओतल्या काकांनी माझे तीन फोटो कापले होते, त्याच जातीची ही गोष्ट.

नुसतं डिजिटल हाती आलं की माणूस शहाणा होतो असं मात्र समजू नका. २००९ मध्ये मी पहिला डिजिटल कॅमेरा घेतला, आणि तीन दिवसांच्या ताडोबा सहलीत अकराशे फोटो काढून आणले. त्यातला एकही मी धड पाहिला नाही. माझी प्रगती सुरू झाली ती कित्येक वर्षांनी, जेव्हा मी रविवारी सकाळी बसून शंभरातले पाच निवडायचे आणि उरलेले का नको ते स्वतःशी मोठ्यानं बोलायचं असं ठरवलं. घरातले हसतात.

मी गप्पाच मारत नाही, थोडं करून पाहिलं आहे. गेल्या डिसेंबरात गावी आले तेव्हा मुख्याध्यापकांच्या परवानगीनं आठवी-नववीची अकरा मुलं घेऊन दोन दिवस शेतात गेले. धान कापून झालं होतं, पुंजणे लागले होते, एका खळ्यावर धान चुरायचं यंत्र चालू होतं. पहिल्या दिवशी घरच्यांच्या फोनवर हवे तेवढे फोटो. दुसऱ्या दिवशी प्रत्येकी फक्त बारा, पुसायचे नाहीत, आणि संध्याकाळपर्यंत बघायचे नाहीत. काय झालं ते जसंच्या तसं सांगते. दुसऱ्या दिवशीचे फोटो सरासरीनं कितीतरी चांगले होते. सरळ होते, स्वच्छ होते, त्यात फालतू काही नव्हतं. पण दोन्ही दिवसांतला सगळ्यात चांगला फोटो पहिल्या दिवशीचा निघाला. नववीतल्या एका मुलीनं भुशाच्या धुरळ्यात उभ्या असलेल्या तिच्या काकूचा काढलेला, उन्हाची तिरीप बरोबर पदरावर. तो तिचा त्या जागेवरचा त्रेपन्नावा फोटो होता. आधीचे बावन्न मी क्रमानं पाहिले. प्रत्येकात ती थोडी डावीकडे, थोडी खाली सरकत गेलेली दिसते. बारावर थांबवलं असतं तर तो फोटो झालाच नसता.

एका मुलाला मी माझा रोलचा कॅमेरा दिला होता. रोल मी स्वतः भरला, मूठ फिरते का ते दोनदा बघून. पोरगं फार खूश झालं. दोन दिवस तोंडावर सणाचा आनंद. रोल पुण्याला नेऊन धुऊन-स्कॅन करून मी फोटो पाठवले तेव्हा जानेवारी अर्धा सरला होता, आणि रोलसकट माझे सतराशे रुपये गेले होते. त्यानं फोनवर विचारलं, ‘मॅडम, हा मीच काढला का?’ तेवढ्या दिवसांत बाकीच्या दहा जणांनी एकमेकांचे फोटो बघत, भांडत, पुन्हा जाऊन काढत किमान चार फेऱ्या केल्या होत्या.

तेव्हा माझी सूचना अशी. निधीतून जुने रोलचे कॅमेरे घेऊ नयेत. त्याऐवजी हातानं छिद्र आणि वेग बदलता येईल असे चार-पाच वापरलेले डिजिटल कॅमेरे घ्यावेत, एक साधा प्रिंटर घ्यावा, आणि वऱ्हांड्यात एक मोठा फलक लावावा. आठवड्यातून एक दिवस मोकळा, हवे तेवढे फोटो. एक दिवस बाराचा, न पुसता. दर शनिवारी प्रत्येकानं एकच फोटो फलकावर लावायचा आणि तोच का, ते चार ओळींत खाली लिहायचं. शाळेच्या शिक्षकांपैकी कुणी एक, आणि आपल्यापैकी कुणी एक फोनवरून, ते वाचणारा असला पाहिजे. पैसा त्या मानानं कमी लागेल. वेळ जास्त लागेल, आणि तो आपल्याला द्यावा लागेल. कॅमेरे देऊन फोटो काढून घेण्याइतकं ते सोपं नाही.

आणि हो, एक रोलचा कॅमेरा मी माझ्याकडून देईन. वर्षातून एकदा, एक ब्लॅक अँड व्हाइट रोल, सगळ्या वर्गात मिळून. शाळेच्या एखाद्या खोलीला काळे पडदे लावून तो मुलांनी स्वतः धुवावा. शिस्त लागावी म्हणून नव्हे. ट्रेमध्ये चेहरा वर येताना प्रत्येक मुलानं आयुष्यात एकदा पाहावा म्हणून. ज्याला त्यातच गोडी वाटेल तो पुढे खुशाल त्याच मार्गानं जाईल.

शेवटी रोलच्या बाजूनं एक गोष्ट सांगायचीच राहिली. रोल टिकतो. ताडोबाच्या त्या अकराशे फोटोंची हार्ड डिस्क बंद पडली, एकही उरला नाही. पण आसोलामेंढ्याच्या पाळीवरच्या निगेटिव्ह तीस वर्षांनी आजही माझ्या कपाटात आहेत. म्हणून माझी तुम्हा सगळ्यांना एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर आईची पेटी उघडा, भावाचा अल्बम काढा, माळ्यावरचं बिस्किटाचं डबडं खाली घ्या. १९९० ते ९५ मधला शाळेचा एखादा फोटो असेल. क्रीडास्पर्धा, पंधरा ऑगस्ट, कुणाचं लग्न, सहल. प्रिंट पिवळा पडला असेल, निगेटिव्हवर ओरखडे असतील, चालेल. फेकू नका, मला पाठवा. ते साफ करण्याचं काम मला येतं, आणि ते मी माझ्याकडे घेते. त्यात कुठेतरी, मागच्या रांगेत का होईना, ती हसताना सापडेल अशी मला आशा आहे. व्याहाडला तिची आई अजून आहे. मिळाला तर तो फोटो मी स्वतः नेऊन देईन, आणि त्या वेळी लॅबची गोष्ट खरी नव्हती हे त्यांनाही सांगेन.

माझं बोलणं संपलं. आता जेवणाआधी सगळ्यांनी पायऱ्यांवर या. सर, बाई, तुम्ही मधोमध बसा. उंच लोक मागे. शेवटच्या बाकावरच्या तिघींनी एकत्र उभं राहा. फोटो मीच काढणार आहे. काढला की लगेच बघणार, आणि कुणाचे डोळे मिटलेले निघाले तर पुन्हा काढणार. कुणीही जागेवरून हलायचं नाही.